नावाचा रकाना

पहाटे चारला वॉर्डातून डबी आली,
निळ्या झाकणाची, अजून कोमट.
चिठ्ठीवर सिस्टर ओमोलोचं तिरकं अक्षर:
अविती, अकरा महिने. सहा दिवस पातळ. रक्त नाही.

अविती म्हणजे टाकलेली.
आमच्या लुओंत, आधीची लेकरं गेली
की पुढच्या बाळाला घटकाभर उकिरड्याशी ठेवतात.
शेजारीण 'सापडलं, सापडलं' म्हणत उचलून आणते.
मरणाला वाटावं, हे कुणाचंच नाही.
मरण फसतंही कधीकधी.
पण माझ्या काचेवर येतात
त्यांना नाव वाचता येत नाही.

त्यांची नावं मी लिहिते. वीस वर्षं झाली.
रोटा, चाकासारखा. कोरड्या महिन्यांत झुंडीनं यायचा,
लस आल्यापासून दबून असतो; गेलेला नाही.
शिगेला आव आणि रक्त घेऊन येते,
बशीत वाढते तेव्हा मात्र देखणी, लाल.
आणि इ. कोलाय तर घरचाच,
सगळ्यांच्या पोटात मुकाट नांदणारा.
त्यातला एखादा कुठून तरी विष शिकून येतो.
दोघांना शेजारी ठेवा,
भिंगाला फरक सांगता येत नाही.

काच वाळली. लाल रंग, मग आम्ल, मग निळा.
आम्ल पडलं की बाकीच्यांचा लाल धुऊन जातो.
जो सोडत नाही, तो हा:
रात्री सरोवरावर ओमेना धरायला गेलेल्या होड्यांचे दिवे
दिसावेत काळ्यानिळ्या पाण्यावर,
तसे गोल, शांत, पुष्कळ.
क्रिप्टोस्पोरिडियम.
रकान्यात मावत नाही, दोन ओळींत लिहावं लागतं.

बाहेर बाकावर दोर्सिला बसलेली. आई.
पाणी कुठलं, मी विचारलं.
'झऱ्याचं. पण तिथं निळी पेटी आहे ना, क्लोरीनची.
दर कॅनला एकदा चावी फिरवते.
एकदासुद्धा चुकले नाही, बाई.'
आणि तिचा हात हवेतच फिरला,
एकदा, नेमका,
जणू मीच पेटी तपासायला आले होते.

क्लोरीनला हा भीत नाही.
हे वाक्य जिभेवर आलं, तिथंच थांबलं.
पेटी सोडू नकोस, म्हटलं, ती बाकीच्यांना मारते.
पण लेकराचं पाणी उकळ.
ती गप्प. ओठ हलत होते,
कोळशाची गोणी केवढ्याला, किती दिवस जाईल.
चूक तुझी नाही, हेही म्हणायचं होतं.
मी म्हटलं, हात धुतेस ना?
काहीही विचारते मी अशा वेळी.

ह्याच्यावर औषध आहे एक,
वर्षाच्या आतल्यांना देत नाहीत.
अवितीला एक महिना कमी पडला.
म्हणून वाटी, चमचा, मीठसाखरेचं पाणी,
एक चमचा, थांब, एक चमचा, ओकली, दहा मिनिटं थांब,
पुन्हा एक.
झिंकची गोळी दुधात विरघळवून.
पोटाची चामडी चिमटीत धरली
तर तशीच उभी राहायची, तंबूसारखी.
रडायची ती कोरडी.
आवाज यायचा, डोळे नाही यायचे त्यात.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओरडली, चांगली घसा काढून,
आणि गालावरून काहीतरी ओघळलं.
दोर्सिलानं पदराचं टोक उचललं तशी
सिस्टर ओमोलो धावत आली,
पुसू नकोस गं, थांब,
बघू दे मला.

संध्याकाळी कपाट उघडून मी जुन्या वह्या काढल्या.
कशाला, ठाऊक नाही.
दोर्सिलाचं नाव दोनदा सापडलं, आई ह्या रकान्यात.
ओडुंडो, आठ महिने.
रिस्पर, सव्वा वर्ष.
कारण: जुलाब.
जंतू: रिकामं. दोन्हीकडे.
त्या साली रंग संपला होता,
नैरोबीहून येणार होता, येणार होता.

अक्षर माझंच आहे.